यू वरचे दोन ठिपके

बायकोला जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात नोकरी मिळायची होती आणि सगळं घोडं येऊन अडलं होतं माझ्या कॉम्प्युटरपाशी. आता सांगताना हसू येतं. तेव्हा तोंडचं पाणी पळालं होतं.

ती नर्स. इथल्याच एका खाजगी दवाखान्यात आयसीयूत पाळ्या करते. मी औरंगपुऱ्यात एका गाळ्यात डीटीपी करतो. लग्नपत्रिका, हँडबिलं, वाढदिवसाचे बॅनर, जे येईल ते. ड्यूटीवरून आल्यावर पाय चेपत बसायच्या वयात ही बाई जर्मनच्या क्लासला जायला लागली. भाषेच्या परीक्षा एकामागून एक पास झाली. मग उरला तिथल्या हॉस्पिटलचा लेखी पेपर. तो घरूनच द्यायचा होता, ऑनलाइन. एका पेशंटची माहिती देणार आणि पाळी संपताना नर्स लिहिते तसा रिपोर्ट तिनं जर्मनमधून टाइप करायचा. खोलीत एकटीनं बसायचं, कॅमेरा चालू, कॉपी-पेस्ट बंद. आणि आधी ज्या कॉम्प्युटरवरून तपासणी झाली, त्याच्यावरूनच पेपर द्यायचा.

तपासणी आमच्या छावणी भागातल्या घरच्या कॉम्प्युटरवरून झाली. हा म्हणजे दुकानातून रिटायर झालेला डबा. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस येऊन विंडोजचा पार सत्यानाश झाला, तेव्हा वैतागून मी त्याच्यावर लिनक्स टाकलं. फुकट, हलकं, व्हायरसची कटकट नाही. येईल त्याला मी छाती फुगवून सांगायचो. त्या तपासणीत कॅमेरा बघितला, माइक बघितला, इंटरनेट बघितलं. अक्षरं कोण बघतंय?

जर्मनमध्ये ए, ओ, यू या अक्षरांवर कधीकधी दोन ठिपके येतात. क्लासमध्ये ती हातानं लिहायची. घरी सराव मोबाइलवर, तिथं अक्षर दाबून धरलं की ठिपकेवालं अक्षर वर येतं. त्यामुळं कॉम्प्युटरवर ते काढायचं कसं, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. पेपर तोंडावर आला आणि मग पडला.

"अहो, यू वर ठिपके कुठून द्यायचे?"

"देतो की. त्यात काय एवढं!"

डीटीपीवाल्याला अक्षर काढता येत नाही, असं कधी झालंय का? मी सेटिंगमध्ये गेलो आणि परदेशी अक्षरांची सोय असलेला इंग्रजी कीबोर्ड निवडला. त्यात उजवा ऑल्ट दाबून वाय मारलं की ठिपक्यांचा यू येतो. ऐटीत दाबलं. आला 'ब'.

पुन्हा दाबलं. नुसतं साधं वाय. ओ साठी पी मारलं तर 'ज'. तिच्या सरावाच्या रिपोर्टात पेशंटच्या ताप आणि बीपीच्या मधोमध आपला मराठी 'ब' येऊन बसलेला. ती आधी हसली. माझं तोंड बघितलं तशी हसायची थांबली.

त्या दिवशी दुकानात लक्ष लागेना. एका पत्रिकेत नवऱ्यामुलाच्या जागी त्याच्या बापाचं नाव टाकलं आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्या. मोबाइलवर जेवढं सापडलं तेवढं वाचत बसलो. कुणी म्हणतं हे टाका, कुणी म्हणतं ते काढा, आणि सगळे एकमेकांना येडे ठरवतात. संध्याकाळी घरी येऊन एकेक करून बघितलं. च्यायला, 'ब' काही हटेना. एकदा तर असं काही केलं की कीबोर्डच मेला, माउसवर तासभर झगडलो.

"ठिपक्यांऐवजी पुढं ई लिहिलं तरी चालतं म्हणे," मी म्हणालो.

"चालतं म्हणजे? औषधाच्या चार्टवर मी आजवर 'चालतं' असलं काही लिहिलं नाही. तिथं पहिल्याच कागदावर लिहू?"

मी पुन्हा सेटिंग उघडलं.

आई बाजूला लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली, "नाय येत तर नाय येऊ दे बाबा. ऱ्हाईल घरी. एवढ्या लांब जाऊन काय सोनं लागलंय तिथं?"

बायको ओट्यापाशी होती. तिनं ऐकलं. पोळी उलटली. मग वळून माझ्याकडं एकदा बघितलं आणि मी पटकन नजर कीबोर्डकडं वळवली.

कारण मला ती जायला नको होती. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तोंडानं "जा, जा, लई चांगलं आहे, नशीब काढलंस" म्हणत होतो. वैजापूरहून सासऱ्यांचा फोन आला की "काळजीच करू नका, मामा, मी आहे ना" म्हणत होतो. मामांनी तर मार्केट यार्डात भेटेल त्याला सांगून ठेवलेलं की पोरगी जर्मनीला चालली. आणि आता माझ्याच कॉम्प्युटरमुळं तिचा पेपर बुडाला तर? ती तोंडानं म्हणायची नाही, पण मनात धरणार, की नवऱ्यानं मुद्दाम केलं. जन्मभर धरणार. मी गळ्याची शपथ घेऊन नाही म्हटलं असतं, तरी माझाच आवाज मला खोटा वाटला असता. नुसता पेपर बुडाला असता तर दुसरा देता आला असता. हे कशानं धुऊन निघणार होतं?

पेपरच्या आदल्या दिवशी दुकान बंदच ठेवलं. चहा घेत बसलो असताना माझं लक्ष माझ्याच हाताकडं गेलं. मी मराठी टाइप करताना उजव्या अंगठ्यानं उजवा ऑल्ट दाबतो. दाबला की मराठी, परत दाबला की इंग्रजी. पत्रिकेत मजकूर मराठी आणि फोन नंबर, ईमेल इंग्रजी, म्हणून दिवसातून शंभरदा दाबावा लागतो. ही सोय मीच करून घेतलेली. इतकी अंगवळणी पडली होती की ती एक सोय आहे हेच विसरलो होतो. ती बिचारी उजवा ऑल्ट दाबायची, कॉम्प्युटर तिला मराठीत न्यायचा, आणि मराठीत वायवर 'ब' असतो.

अरे गाढवा! मी स्वतःलाच मोठ्यानं म्हणालो. आई दचकली.

भाषा बदलायचं बटण दुसरीकडं नेलं, कॅप्स लॉकवर. उजवा ऑल्ट मोकळा केला. वाय दाबलं. यू आला, डोक्यावर दोन ठिपके घेऊन. बायको ड्यूटीवर होती. मी तिला पडद्याचा फोटो पाठवला. तिनं नुसता अंगठा पाठवला, आयसीयूत असणार. मी मात्र उठून घरभर दोन चकरा मारल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेपर. तिनं ड्यूटीचा सोडून ठेवणीतला कुर्ता घातला, केस विंचरले. खोलीतलं टेबल साफ, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा काढून ठेवलं, कारण भिंत कोरी पाहिजे अशी सूचना. लाइट जाऊ नये म्हणून मी मनातल्या मनात कुणाकुणाच्या हातापाया पडत होतो. सूचनांमध्ये एक ओळ होती: सुरू करण्याआधी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा. तिनं तसं केलं. मग खात्री म्हणून उजवा ऑल्ट आणि वाय.

'ब'.

"अहो," ती म्हणाली. एवढंच. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

काल चाललं होतं, मी डोळ्यांनी बघितलं होतं, फोटो होता माझ्याकडं. आणि आता मी तिच्याजवळ उभा, कपाळाला घाम, आणि ती माझ्याकडं बघत नाही, पडद्याकडं बघतेय. मला वाटलं, झालं. मनात धरायला सुरुवात झाली.

"उठ. दोन मिनिटं दे."

"वेळ कुठं आहे?"

"अगं उठ म्हणतो ना!" मी ओरडलो. ती उठली. पेपरच्या आधी बायकोवर ओरडलो, तेही मला नंतर खात राहिलं.

काल चालत होतं आणि बंद करून चालू केल्यावर बिघडलं. म्हणजे चालू होताना कुणीतरी माझं केलेलं पुसतंय. कोण? सुरू होताना काय काय आपोआप चालतं त्याची यादी उघडली. तिथं एक ओळ होती, माझ्याच हातची. पूर्वी हा डबा माझी मराठीची सोय विसरायचा, म्हणून मी त्याला सांगून ठेवलं होतं की रोज उठल्या उठल्या उजवा ऑल्ट मराठीला दे. इमानदारीत रोज देत होता बिचारा. मी ती ओळ पुसली, बटण परत कॅप्स लॉकवर नेलं. घाईत वाय दोनदा दाबलं गेलं. ठिपकेवाले यू दोन आले.

"आता पुन्हा बंद करून बघू का?" तिनं विचारलं.

"नको. हात लावू नको. आहे तसं राहू दे. बस."

ती बसली. मी बाहेर आलो, दार ओढून घेतलं. आई आणि मी पुढच्या खोलीत, टीव्ही बंद, पंखासुद्धा आवाज नको म्हणून बंद. आतून कीबोर्डचा आवाज येत होता. टकटक चालू असली की बरं वाटायचं. थांबली की जीव टांगणीला. आता काय झालं? आला का 'ब'? दाराशी जाता येत नाही, विचारता येत नाही. एकदा बराच वेळ आवाज नव्हता. मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "इचार करत आसंल." मग टकटक पुन्हा चालू झाली, आणि मी बनियनच्या टोकानं तोंड पुसलं.

ती बाहेर आली. पाणी प्यायली. पेपर कसा गेला हे विचारायची माझी छातीच झाली नाही.

पुढच्या आठवड्यात मेल आला. ती रात्रपाळी करून आलेली, अजून चप्पलही काढली नव्हती. मोबाइल माझ्या हातात दिला. निवड झाली होती. आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि साखर आणायला आत गेली. मी म्हणालो, "अभिनंदन! बघ, मी म्हटलं नव्हतं?" आणि हात पुढं केला, ऑफिसातल्या माणसांसारखा.

तिनं माझा हात हातात घेतला नाही.

"तुम्ही एकदासुद्धा 'नको जाऊ' म्हणाला नाहीत," ती म्हणाली. "त्या कीबोर्डसाठी असा जीव काढत होतात, की मला वाटायला लागलं, यांना मी गेलेलीच बरी."

इतके दिवस मी कसली भीती घेऊन फिरत होतो, आणि हिनं मनात धरलं होतं ते भलतंच.

"जाणार तर मी आहेच," ती म्हणाली. "पण एकदा म्हणा की."

आई आत डबे उघडत होती. मी म्हणालो, "नको ना जाऊस."

तिनं मान डोलावली. ओढणीनं डोळे पुसले, चप्पल काढली, आणि व्हिसाच्या फोटोला कुठला कुर्ता घालू म्हणून मला विचारायला लागली.