शेजारचा अणू आणि आमचे हे

मंडळी, आज आमच्या मुरलीपुऱ्यातल्या घरात फिजिक्स घडलं. नात सईला उद्या शाळेतल्या मुलांना तिचं संशोधन समजावून सांगायचंय आणि सकाळपासून सोपं उदाहरण काही सापडेना. पोर रडकुंडीला आली होती.

मी म्हटलं, "मला सांग बघू, काय होतं नेमकं?"

"आजी, अणूवर जोरदार लेझर टाकला की त्यातला इलेक्ट्रॉन बाहेर ओढला जातो. पण शेजारी दुसरा अणू असला, अगदी चिकटून नाही आणि फार लांबही नाही, की इलेक्ट्रॉन आणखी सहज सुटतो."

आमचे हे व्हरांड्यात बसले होते. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय. नाक्यावरच्या कचोरीचा वास केव्हाचा ओढत होता, पण हे जागचे हलले नाहीत. तेवढ्यात शेजारचे गुप्ताजी नाक्यावरून आणलेली कचोरीची पुडी उघडत कुंपणापलीकडून म्हणाले, "आ जाइए भाईसाहब, गरम है." हे चपला न घालताच पलीकडे.

सईला हसू आवरेना. "आजी, मिळालं उदाहरण."

"माझं नाव सांगू नकोस," हे तिकडून तोंड पुसत म्हणाले, "आणि दोष शेजारच्या अणूचा आहे, तेवढं नक्की सांग."

तुमच्याकडे शेजारी किती अंतरावर राहतात हो?