चोळायच्या औषधाची बाटली

मेहकरच्या दवाखान्यात तेव्हा एक कंपाउंडर होते. बाटली हातात देताना ते प्रत्येकाला विचारायचे, "घरी कुठं ठेवता हे?" उत्तर मिळाल्याशिवाय बाटली सोडायचे नाहीत. लोक हसायचे. नवीनच लग्न झालेली मीही हसले, आणि सासऱ्यांचं खोकल्याचं अन् गुडघ्याला चोळायचं औषध एकाच कोनाड्यात ठेवलं. मामंजींना मोतीबिंदू होता.

एका दुपारी कंपाउंडर वाटेत आमच्या घरी पाणी प्यायला थांबले होते. तेवढ्यात मामंजींनी चाचपडत बाटली काढून तोंडाला लावली. कंपाउंडरांनी झेप घेऊन ती हिसकावली. ती चोळायची होती.

बाटलीच्या गळ्याला त्यांनी जाड सुतळी गुंडाळली आणि मामंजींचं बोट तिच्यावरून फिरवलं. "बोटाले सुतळी लागली, का हे प्याचं नाही, बाबा."

आवाज ऐकून सासूबाई बाहेर आल्या. "कोनं ठेवलं हे इथं?"

"चूक माही हाय, आक्का," कंपाउंडर म्हणाले. "दोन्ही बाटल्या मीच एकसारख्या देल्ल्या."

दवाखान्यात तेव्हा बाटल्या मिळत नसत. त्या दोन्ही मीच घरून धुऊन नेल्या होत्या.