दहा पावलांवरची हाक

दवाखान्याने मला फसवलं आणि मी माझ्या बायकोला.

काष्टीच्या बाजारात मी तीस वर्षं बैलांचा व्यापार केला. रुमालाखाली बोटं धरून भाव करायचा, जमला नाही तर हात सोडवून चालू लागायचं. दहा पावलांत समोरचा हाक मारतोच. याच चालीवर घर बांधलं, मुलीला नर्स केलं.

गेल्या साली एका सकाळी गोठ्यातच बायकोचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. जीपमध्ये घालून तिला नगरच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. मॅनेजर म्हणाला, "सरकारी योजनेची खाट शिल्लक नाही. आधी अनामत भरा."

पैसे माझ्या खिशात होते. तरी मी निम्म्यावर अडलो. तो हलेना. माझं डोकं फिरलं. "दुसरे दवाखाने काय मेलेत का?" म्हणत तिला परत जीपमध्ये घातलं. फाटकापाशी ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला लावली. हाक आली नाही. मागं फिरायची मला लाज वाटली.

दुसऱ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मेंदूतली गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ टळली.

मुलगी आधी जर्मनीत होती, आता इंग्लंडात. फोनवर म्हणाली, "अप्पा, इथं दारात कुणी भाव करत नाही."

"मग पैसे कोण देतं?"

"इथं सगळ्यांच्या करातून जातात. जर्मनीत दर महिन्याला पगारातून कापायचे, जवळपास निम्मे मालक भरायचा."

"आजारी नसताना बी?"

"तेव्हाच तर भरायचे. इथंही गुडघ्याच्या ऑपरेशनला महिनोन्महिने थांबावं लागतं. पण आईसारखं झालं तर आधी उपचार."

विमा विकायला आलेल्या पोराला मी ओट्यावरून हाकललं होतं, ते तिला सांगितलं नाही.

बायको आता डाव्या हाताने जेवते. एकदा घास सांडला तेव्हा अडखळत म्हणाली, "मला बी बाजारातल्या बैलावानी माघारी आनलं तुमी." मी सांडलेला घास वेचला.

आम्ही फाटकातून निघालो त्याच दिवशी दुपारी त्या पहिल्या दवाखान्यात शेजारच्या गावचा एक जण त्याच सरकारी योजनेत दाखल झाला, हे मला महिन्याने कळलं. मी फाटकातून परत का वळलो नाही, हे बायको रोज विचारते, न बोलता. तिला उत्तर मी देईन. पण दुपारी निघालेली खाट सकाळी कुठं होती, हे त्या मॅनेजरने माझ्या घरी येऊन, तिच्या तोंडावर सांगावं.