फळमाश्यांची अवेळी सकाळ

फळमाश्यांच्या खाद्यासारखा गूळ आणि यीस्ट शिजल्याचा वास आला की मला सांगलीच्या कॉलेजातली ती काळोखी खोली आठवते. उजेडाशिवाय शरीरातलं घड्याळ कसं चालतं ते बघायला फळमाश्यांच्या नळ्या मी तिथे आठवडाभर पूर्ण अंधारात ठेवल्या होत्या. हे घड्याळ चालवणारं एक प्रथिन असतं. ते वेळेवर मोडावं म्हणून कायनेज नावाचं विकर त्याच्यावर फॉस्फेटची खूण करतं. एका नळीतल्या माश्यांचं हे कायनेज जन्मतःच बिघडलेलं होतं. माश्यांना न दिसणारा लाल दिवा घेऊन मी भर दुपारी आत गेले. सोबत प्रयोगशाळेतले मदतनीस होते, साताऱ्याकडचे निवृत्त फौजी. सगळ्या नळ्या निपचित होत्या, फक्त त्या एकीत सळसळ चालली होती. "उजेड न्हाई, तरी ह्या उठल्या कशा?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. "त्यांच्या घड्याळाचा दिवस आखूड असतो, काका, म्हणून त्यांची सकाळ रोज आणखी लवकर होते. माणसांतही असा दोष घराण्यात उतरतो." ते नळीजवळ वाकले. "माझी आई दिवस मावळताच झोपायची आन् रात्री दोनला उठून बसायची. झपाटली म्हणून लोकांनी तिला लय मारलं. आता माझी लेक तशीच उठतीया, मॅडम. आज तिचं भूत उतरवायला देवरुषी यायचा हाय." बोलता बोलता त्यांनी घरी फोन लावला. "त्याला दारातूनच परत लाव!" फोनच्या पांढऱ्या उजेडात सगळ्याच नळ्या एकदम सळसळू लागल्या आणि माझा आठवड्याचा प्रयोग वाया गेला. मी त्यांना थांबवलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं.