बघूबाईंची बदली

कार्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या छपाईच्या खोलीत एक बाई बसत. त्यांना चांगलं धडधाकट नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटाला माहीत. बाकी सगळ्यांच्या तोंडी त्या बघूबाई.

यात दोष असलाच तर माउसचा. तो कुणीतरी “पाच मिनिटांत आणून देतो” म्हणून नेला, त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून बाईंचा संगणक काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करूनच चाले. छापण्याआधी पान कसं दिसेल ते पाहायचं, तर हातभर लांब आज्ञा लिहावी लागे. शेवटी दुरुस्तीवाल्याने ती एका छोट्या शब्दात कोंबून द्यायचं ठरवलं आणि विचारलं, “शब्द कोणता ठेवू?” बाई म्हणाल्या, “बघू.” खरं तर त्या विचार करायला वेळ मागत होत्या. त्याने तोच शब्द टाकला आणि गेला.

झालं, तेव्हापासून इंग्रजी अक्षरांत ‘बघू’ लिहायचं, पुढे फाइलचं नाव, मग एंटर. कागदावर उमटणार तसंच्या तसं पान पडद्यावर उभं राही. समाधान झालं की ‘छाप’.

पाहिल्याशिवाय बाई छापत नसत, कारण नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांना अद्दल घडली होती. सभेची सूचना न पाहता छापली आणि फॉन्टने दगा दिला. दोनशे प्रतींवर जोडाक्षरांचे तुकडे, उरलेल्या जागी चौकोन. सभेला कुणीही फिरकलं नाही. बाईंनी कानाला खडा लावला. त्यांचा नवरा शिंपी. कच्चा टाका घालून अंगावर चढवून पाहिल्याशिवाय तो पक्की शिलाई मारत नसे, आणि बायकोने हे आपल्याकडूनच उचललं असं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे.

आता कुणी काम घेऊन आलं की बाई पडद्याकडे वळून म्हणत, “बघू.” जुन्या लोकांना ठाऊक होतं, दोन मिनिटांत कागद हातात पडणार. नव्या माणसाला मात्र त्या शब्दाचा सगळ्या जगाला माहीत असलेला अर्थच ऐकू येई. काम होणार नाही, आपण निघावं.

नवे साहेब आले ते असेच नवे. हातातल्या कामापेक्षा हातातल्या घड्याळाकडे त्यांचं लक्ष जास्त. आल्या आल्या त्यांनी बाईंना विचारलं, माझं परिपत्रक कधी मिळेल? “बघू,” बाई म्हणाल्या. साहेबांना असं उत्तर देण्याची कुणाची हिंमत झाली नव्हती. ते तरातरा निघून गेले, आणि दोन मिनिटांनी परिपत्रक तयार झालं ते पाहायला थांबलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी लेखी आदेश आला: यापुढे ‘बघू’ बंद, फाइल आली की थेट छापायची.

मागोमाग शिपाई बातमी घेऊन आला. दिरंगाई करतात म्हणून बाईंना तळघरात, जुन्या दप्तराच्या खोलीत पाठवणार. तिथे ओल, खिडकी नाही, आणि जायला सत्तावीस पायऱ्या. बाईंचे गुडघे सात पायऱ्यांतच कुरकुरत. बाईंना फार वाईट वाटलं. त्या एका सूचनेनंतर एकोणीस वर्षांत एक अक्षर तिरकं जाऊ दिलं नव्हतं आणि नाव काय, तर दिरंगाई. घरी गेल्यावर त्या रडल्याही. नवऱ्याने कात्री खाली ठेवली आणि म्हणाला, साहेबांना सांग ना काय ते. बाई म्हणाल्या, चोरी केल्यासारखा खुलासा मी करणार नाही.

दोन दिवसांनी फाइल आली, नावच ‘बदली’. कारकून रजेवर होता, म्हणून आदेश साहेबांनी स्वतः तयार केला होता. नमुन्यात कर्मचाऱ्याचा क्रमांक घातला की यादीतलं नाव आपोआप येऊन बसे. बाईंचा क्रमांक अकरा.

बोटांना कुठला आदेश कळतोय. त्यांनी ‘बघू’ लिहूनही टाकलं. “कामातील अक्षम्य दिरंगाईबद्दल तळघरात तात्काळ बदली” एवढं वाचलं आणि बाईंचे डोळे भरून आले. ते पुसून त्यांनी नाव वाचलं. नाव साहेबांचं होतं. एक हा आकडा दोनदा दाबायचा तो एकदाच दाबला गेला होता, आणि यादीत पहिला क्रमांक साहेबांचा. खाली सहीही त्यांचीच.

बाईंनी फोन उचलला. “साहेब, फाइल आलीय. एकदा बघू का?”

“बाई, बघू नाही. छापा. चाळीस प्रती, आत्ताच्या आत्ता.”

सांगता आलं असतं, नाही असं नाही. पण बंदी असताना आपण पाहिलं, हे कुठल्या तोंडाने कबूल करायचं? बाईंनी एवढा सोयीचा विचार केला आणि ‘छाप’ लिहिलं.

शिपायाने प्रती टेबलाटेबलावर पोचवल्या. अर्ध्या तासात तळघरातले दोघं ढकलगाडी घेऊन साहेबांच्या दालनात हजर. कपाट आधी न्यायचं की टेबल, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

थोड्या वेळाने साहेब स्वतः छपाईच्या खोलीत आले. हातात प्रत, कपाळावर घाम.

“हे कसं झालं?”

“न बघता झालं, साहेब.”

साहेब स्टुलावर बसले. आदेश रद्द करणारं नवं पत्र बाईंना टाइप करायला लावलं, आणि छापण्याआधी एकदा दिसेल का, असं हळूच विचारलं. बाईंनी काळ्या पडद्यावर एक शब्द लिहिला. साहेबांनी तो अक्षर अक्षर लावत वाचला, बाईंकडे पाहिलं आणि पुन्हा वाचला. पान पडद्यावर आलं. त्यांनी स्वतःचं नाव तीनदा तपासलं.

“आणि माझ्या बदलीचं, साहेब?” बाईंनी कळफलकाकडे पाहत विचारलं.

साहेब उठले. दारापर्यंत गेले. घड्याळाकडे न बघता म्हणाले, “बघू.”

बाईंनी मान डोलावली आणि ‘छाप’ लिहिलं.