तीन मिलिग्रॅम आणि अधिकउणे साहेब

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख कुठलाही आकडा एकटा सोडत नसत. वय विचारलं तर म्हणत, "अठ्ठेचाळीस, वर्षभर अधिकउणे. आमच्या घरी जन्माची नोंद कोणी धड ठेवली नाही." पुण्याची गाडी किती वाजता? "साडेपाचला, दहा मिनिटं अधिकउणे." त्यामुळे सगळा कारखाना त्यांना अधिकउणे साहेब म्हणे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं आवडतही होतं.

स्वातंत्र्याला दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती. पिंपरीचा तो औषधांचा कारखाना नवाच होता. कुंपणापलीकडे अजून ज्वारी उभी असे. मी बी.एस्सी. होऊन रोज पुण्याहून येई. प्रयोगशाळेत बाई मी एकटीच.

एकदा सोळा फुटांच्या भिंतीला चार टेबलं बसवायची होती. सुतार म्हणाला, "साहेब, चार चोक सोळा. हिशेब सरळ आहे."

"प्रत्येक टेबलात सूतभर चूक धरा मिस्त्री. बेरीज मापांची होते तशी चुकांचीही होते. चार सूत म्हणजे अर्धा इंच. टेबलं जरा आखूड करा."

मिस्त्री हसले आणि त्यांनी आपल्या मनासारखीच टेबलं केली. चौथं टेबल आठ दिवस व्हरांड्यात उभं होतं.

वजनाच्या खोलीत साहेब चपला काढून जात. तपकिरीची डबी बाहेर ठेवत. शेजारच्या रुळांवरून मालगाडी गेली की काचेच्या पेटीतल्या तराजूचा काटा थरथरे; तो शांत होईपर्यंत हाताची घडी घालून उभे राहत. मला या सगळ्याचा कंटाळा येई. आकडा दिसला की लिहावा, अशी माझी घाई.

त्या घाईनेच दगडूभाऊंची नोकरी जायची वेळ आली.

दगडूभाऊ औषधाच्या टाक्या धुवत. ज्यांच्या शेतांवर कारखाना उभा राहिला, त्यांतलेच ते एक. शेत गेलं, त्याबदल्यात ही नोकरी मिळालेली. टाकी धुतल्यावर शेवटचं पाणी आमच्याकडे तपासायला येई. त्यातलं शंभर सी.सी. पाणी बशीत आटवायचं आणि मागे काय उरलं ते तोलायचं. दोन मिलिग्रॅमपर्यंत चालत असे. मी पाणी आटल्यावरच्या बशीच्या वजनातून रिकाम्या बशीचं वजन वजा केलं. तीन आले. मी अहवालात 'तीन' लिहिलं. मॅनेजरांनी दगडूभाऊंना घरी जायला सांगितलं.

ते प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, म्या तीनदा धुतलीया टाकी. खोटं बोलत न्हाई."

मी काही बोलायच्या आत साहेबांनी माझी वही ओढून घेतली. "बाई, आपला तराजू एका तोलाला किती चुकतो?"

"एक मिलिग्रॅम."

"तोल किती वेळा केलात?"

"दोनदा."

"मग वजाबाकीत चुकाही वजा झाल्या असं वाटलं का तुम्हाला? बशी बेचाळीस ग्रॅमची, उरलं तीन मिलिग्रॅम. आकडा लहान झाला, चुका मात्र एकीला एक मिळून दोन झाल्या. तुमचं तीन म्हणजे एकपासून पाचपर्यंत काहीही."

"पण दोन्ही चुका एकाच बाजूला पडतीलच असं कुठे आहे?"

"नाही पडणार बहुधा. पण माणसाची नोकरी 'बहुधा'वर काढायची नसते."

मॅनेजर चिडले. टाकी अडकून पडली होती. साहेब शांतपणे म्हणाले, "उद्या दुपारी सांगतो. तोवर हा माणूस कामावर आहे."

त्या पाण्याची मोहोरबंद बरणी शिल्लक होती. त्यातलं दसपट, म्हणजे एक लिटर, मी त्याच बशीत थोडं थोडं करून आटवलं. दुसऱ्या दिवशी काटा पुरता शांत होईपर्यंत थांबून तोललं. बारा मिलिग्रॅम, दोन अधिकउणे. दहाने भागलं तर चूकही दहाने भागली गेली. शंभर सी.सी.ला एक पूर्णांक दोन. फार तर एक पूर्णांक चार. टाकी स्वच्छ होती.

साहेबांनी दगडूभाऊंना स्टुलावर बसवून सगळा हिशेब समजावला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी पयल्या मापानं कायबी कळत नव्हतं?"

"नव्हतं," साहेब म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मीच पुढे झाले. "दगडूभाऊ, चूक माझी."

"ऱ्हाऊ द्या बाई. तुमी दिसलं त्ये लिवलं."

चार वर्षांनी साहेब दूरच्या एका कॉलेजात शिकवायला गेले. निरोपाच्या चहाला मॅनेजर म्हणाले, "यांच्या हातून कधी चूक झाली नाही." साहेब तिथल्या तिथे उठले. "झाल्या. पुष्कळ झाल्या. त्या केवढ्या, ते मी सांगत गेलो, इतकंच."

त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं गेलं. पहिल्याच आठवड्यात नव्या केमिस्टचा एक अहवाल सहीला आला आणि पाठोपाठ मॅनेजर स्वतः आले. माल गाडीत चढवायचा होता. मी अहवाल वाचला. आकडा मर्यादेला चिकटून होता, आणि एकटाच होता. मी पेनचं टोपण लावलं.

"पुन्हा तोलावं लागेल," मी म्हणाले.

मॅनेजर दारातून ड्रायव्हरला ओरडून म्हणाले, "गाडी बंद कर रे. वेळ लागेल."