शिक्केकाकांचा मुलगा

कॉलेजच्या ग्रंथालयाच्या खिडकीत बसून शिक्केकाकांनी एकतीस वर्षं पुस्तकांवर परतीच्या तारखेचे शिक्के मारले. आत काय छापलंय ते पाहायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. माणूस स्वभावाने इतका गरीब, की कुणी समोर कागद धरला की यांचा हात सहीसाठी आपोआप उठायचा.

समाजशास्त्राच्या बाईंनी वर्गाला काम दिलं: एका साध्या माणसाशी दोन तास बोला, त्याचं आयुष्य लिहा आणि 'यातला मजकूर खरा आहे' म्हणून खाली त्याची सही आणा. तेवीस जणांना एकच साधा माणूस आयता सापडला. बोलायला मात्र एकही दिवटा बसला नाही. एआयला चार शब्द सांगितले आणि सगळे मोकळे झाले. काकांनी तेवीस सह्या ठोकल्या, वर हौसेने शिक्काही मारला.

सोमवारी बाई तो गठ्ठा घेऊन खिडकीशी आल्या.

"काका, तुमचा मुलगा सात वर्षांचा असताना गेला? तेवीसच्या तेवीस जणांनी लिहिलंय. मला हे एआयचं काम वाटतंय, पण खाली सही तुमची आहे. घरी नेऊन वाचा आणि उद्या खरं काय ते सांगा. खोटं असेल तर सगळे नापास."

काका चक्रावले. त्यांना मूलबाळ झालंच नव्हतं.

संध्याकाळी बायको शेंगा सोलत बसली होती. काकांनी गंमत म्हणून तिला मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. कुठे पोरगा तापाने गेला होता, कुठे पाण्यात बुडून. पण सगळीकडे त्याचा पुढचा दात पडलेला होता, आणि सगळीकडे तो स्टुलावर चढून बापाच्या हातातला शिक्का मागत होता.

बायको हसली नाही.

"नाव काय त्याचं?"

"कुणीच लिहिलेलं नाही."

"डावा पाय जरा ओढत चालायचा, ते लिहिलंय?"

काकांनी पान उलटलं आणि त्यांचं बोट एका ओळीवर अडलं. ते लिहिलं होतं.

"बाईंना काही सांगू नका हं," शेंगांवरची नजर न काढता ती म्हणाली. "इतक्या जणांच्या ओळखीचा झालाय तो."

दुसऱ्या दिवशी काका बाईंसमोर उभे राहिले. "चूक माझी. न वाचता सह्या केल्या. मला मुलगा नाही." बाईंनी तेवढंच एका कागदावर लिहून पुढे सरकवलं. काकांनी जन्मात पहिल्यांदा कागद दोनदा वाचला आणि मग सही केली. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. काकांना काही तसं वाटलं नाही. खिडकीतलं स्टूल त्यांनी भिंतीकडे सरकवून ठेवलं.

घरी बायको दारातच उभी होती.

"सांगितलंत?"

"हो. सही करून दिली."

तिने त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"त्या कागदांत तो तेवीस वेळा गेला," ती म्हणाली. "पण एकदाही तुमच्या हातून गेला नव्हता."